डावा कान

गिरणीचा सातचा भोंगा व्हायला आला, तशी मनकर्णा हातमागाच्या खांबाला पाठ टेकून जमिनीवर बसली. मांडीवरचं लेकरू तिनं आधीच बाजूच्या फडक्यावर ठेवलं होतं. दोन्ही तळवे सारवलेल्या जमिनीवर दाबून तिनं नजर समोरच्या कोनाड्यातल्या पितळी डब्यावर रोवली. घरात घड्याळ नव्हतं, पण चार महिन्यांत तिचा अंदाज घड्याळाला लाजवील इतका पक्का झाला होता. तिच्या सासूबाई, प्रयागबाई, चुलीपासून उठल्या, त्यांनी फडक्यासकट पोरगी उचलली आणि आत नेली.

भोंगा झाला. आवाज डाव्या कानात शिरला आणि डबा कोनाड्यातून सरकू लागला. त्याच्यामागून कोनाडा, कोनाड्यामागून भिंत. डबा जागचा हललेला नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण ठाऊक असून काडीचा उपयोग नव्हता. कुणी तरी खांद्याला धरून उजवीकडे लोटत होतं आणि पोटातलं सगळं गळ्याशी येत होतं. भोंगा थांबल्यावर भिंत आधी परत आली, मग कोनाडा, आणि सगळ्यात शेवटी डबा.

"झालं का?" आतून प्रयागबाईंनी विचारलं.

"झालं, आत्याबाई."

मग पोरगी तिच्याजवळ आली. "निजूनच पाज. उचलू नको," असं रोजचंच सांगून प्रयागबाई पुन्हा चुलीकडे गेल्या.

उचलायचं नाही, हा नियम मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या, मिरवणुकीपासूनचा. मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मनकर्णा पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. ढोलाची पहिली थाप पडली आणि ती पोरीसकट उंबऱ्यावर आपटली. चिमुकल्या चारूच्या कपाळाला टेंगूळ आलं, ते चार दिवस राहिलं. तेव्हापासून पोरगी सासूच्या ताब्यात गेली. ती पाजण्यापुरती मिळे आणि पोट भरलं की परत जाई. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखं आपलं लेकरू हाताळायचं, याचा मनकर्णेला इतका राग येई की तिला आपलाच कान उपटून फेकावासा वाटे.

सगळं सुरू झालं होतं वैशाखात, माहेरी मौद्याला. पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. सुईण म्हणत होती, जोर कर वं, अजून जोर कर. दुसऱ्या दिवशी दुपारी जिवाच्या आकांतानं केलेल्या शेवटच्या जोरात तिच्या डाव्या कानात फट्ट झालं, लाही फुटावी तसं, आणि त्याच घटकेला पोरगी बाहेर आली. सगळे पोरीकडे धावले. आईच्या कानाकडे पाहायला कुणाला फुरसत होती? कान घोंगावू लागला, उठून बसलं की खाट फिरू लागली, तेव्हा आईनं डोक्याला फडकं बांधलं आणि लसणाचं तेल कानात सोडलं. बाळंतवात आहे, जाईल, असं सगळ्याच म्हणाल्या.

तो गेला नाही. सव्वा महिन्यानं ती नागपूरला, पाचपावलीतल्या सासरी आली. सासरे नानाजी विणकर. घरातला माग त्यांचा, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या निंबाखालचं मातामाय देवीचं ठाणंही तेच सांभाळत. नातीला पायावर घालायला म्हणून ते सगळ्यांना ठाण्यावर घेऊन गेले आणि नात आली या आनंदात त्यांनी सुनेच्या डोक्यावरची घंटा तीनदा जोरात वाजवली. मनकर्णा डोलली, तिचे डोळे एका बाजूला ओढले गेले आणि ती फरशीवर कोसळली.

"आली!" नानाजी ओरडले. "माय आली!"

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली होती, "मामाजी, कोनी नाही आलं. माहा कान बिघडला. मोठा आवाज झाला का मले घेरी येते."

"पहिल्या-पहिल्यानं सगळे असंच म्हनते, माय," नानाजी म्हणाले आणि सुनेच्या पायांना हात लावून कामाला लागले.

ती नाही म्हणाली की लोकांना ते जास्तच खरं वाटे. दर मंगळवारी संध्याकाळी आरतीला तिला पुढे बसवू लागले. ढोल, घंटा, आणि नवऱ्याच्या, रुपरावच्या, हातातल्या झांजा. ती पडे, कण्हे, कधी ओके. तिचा हात कुठे वळला यावरून नानाजी लोकांना उत्तरं देत. बायका ओट्या भरून जात. आता तर निंबाला पाटीही लागली होती. शुक्रवारी घट बसणार आणि नऊ दिवस रोज सहा वाजता मातामायचं दर्शन होणार.

अशात सोमवारी, चारूला डोस पाजायला म्हणून, प्रयागबाई सुनेला घेऊन मेडिकलला, मोठ्या सरकारी दवाखान्यात, गेल्या. भिंत धरून चालणारी आई पाहून तिथल्या नर्सनं विचारलं, "दारू पिते का ही?"

"तोंड सांभाळ बाई! सून आहे माही!" प्रयागबाई एवढ्या तडकल्या की नर्सनं नरमाईनं चौकशी केली आणि दोघींना कानाच्या विभागात धाडून दिलं.

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मनकर्णेला "बसा" म्हटलं, "माय" म्हटलं नाही, आणि तेवढ्यानंच मनकर्णेला रडू फुटलं. ते आवरेपर्यंत त्या थांबल्या. मग टेबलावरचा पत्र्याचा एक छोटा डबा उचलून त्यांनी त्याला किल्ली दिली. डबा खर्रर्र वाजू लागला. उजव्या कानाशी धरला तेव्हा काही झालं नाही. डाव्या कानाशी नेला आणि दवाखान्याची पांढरी भिंत सरकली. उजवीकडे उभ्या असलेल्या आयाबाईनं तिला वरच्या वर झेललं. डॉक्टरीणबाई वाकून तिचे डोळे पाहत राहिल्या.

"बाळंतपणात फार जोर करावा लागला होता का?"

"दोन दिवस."

"तेव्हा कानात काही वाजलं?"

पाच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. "हो जी. फट्ट वाजलं."

"कानाच्या अगदी आत पाणी असतं. ते अडवून धरणारा नाजूक पडदा त्या जोरात फाटलाय. आता मोठा आवाज झाला की आतलं पाणी हलतं, आणि तुम्हाला वाटतं घरच हललं. ऑपरेशन करून ती फट बुजवता येते. ऐकू किती येईल ते आज सांगत नाही. घेरी थांबावी."

"मंग पोरीले उचलता येईन?"

"दोन महिन्यांनी. का नाही येणार?" डॉक्टरीणबाईंनी एक कागद भरला. "गुरुवारी खाट रिकामी होतेय. त्यानंतर मी थेट दिवाळी झाल्यावर भेटेन. नवऱ्याची सही आणा. आणि तोवर ढोल, घंटा यांच्या आसपास फिरकायचं नाही. रोज असे हादरे बसले तर उरलासुरला कान जाईल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

प्रयागबाई दारापाशी पोरीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यांची नजर टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यावर होती.

परतीच्या बसमध्ये मनकर्णेनं धीर केला. "आत्याबाई, तुमी पाहिलं नं? तिथं घंटा नव्हती का देवी नव्हती. डब्यानं पडली मी."

प्रयागबाईंनी पोरीचं टोपडं सारखं केलं. "ऊठ. आपला थांबा आला," त्या म्हणाल्या.

दुपारी रुपराव गिरणीतल्या पाळीवरून आला. तिनं त्याच्यापुढे कागद ठेवला. त्यानं तो उलटा-सुलटा करून पाहिला, घडी घातली, आणि खिशात घालता घालता थांबला.

"बाबाले विचारतो."

"सही तुमची पाह्यजे. बाबाची नाही."

"विचारतो म्हनलं नं."

तो वाईट नव्हता. दर मंगळवारी तो झांजा वाजवी आणि दर बुधवारी तिचे पाय चेपून देई. दोन्ही तो सारख्याच मनापासून करी, आणि नेमकं हेच तिला सहन होत नसे.

नानाजींनी मागावरचा धोटा खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचे डोळे भरून आले.

"चाळीस वर्सं झाली, मी त्या निंबाखाली दिवा लावून राहिलो. बाप मेला त्या दिवशीबी लावला. एक डाव काही मांगितलं नाही. आता माय आपल्या पायानं घरात आली, अन् तुमी तिचा रस्ता बुजवाले निघाले?"

"मामाजी, माहा कान चालला," मनकर्णा म्हणाली. "माही पोरगी मले उचलता येत नाही."

"मायले सगळं दिसते." नानाजींनी डोळे पुसले. "तिलेच विचारू. उद्या मंगळवार आहे. ते हो म्हनली तर मी सोता रिक्षात बसवून नेतो. नाही तर नवरात्र होऊ द्या."

म्हणजे देवीनंच सांगायला हवं होतं, आणि देवी बोलायची तर मनकर्णेच्याच तोंडून.

मंगळवारची दुपार तिनं भिंतीकडे तोंड करून काढली. आजवर ती पडली होती, पण खोटं बोलली नव्हती. मातामायवर तिचाही विश्वास होता. लहानपणी देवी आल्या तेव्हा आईनं तिला मातामायच्याच पदरात घातलं होतं. आता तिच्याच नावानं लबाडी करायची होती. पण शुक्रवारपासून नऊ दिवस ढोल वाजणार होते. नऊ दिवसांनंतर कानात काय उरणार? आणि पोरगी? ती रांगू लागेल, उभी राहील, आजीचं बोट धरून चालू लागेल, आणि आई आपली खांबाला टेकून भोंग्याची वाट पाहत बसेल. मनकर्णेनं हात जोडले आणि भिंतीलाच पुटपुटली, "माय, एवढ्या डाव माफ कर." आणि बोलायचं ते घोकत बसली. माय बोलते, गुरुवारी मेडिकलले न्या. माय बोलते, गुरुवारी मेडिकलले न्या.

संध्याकाळी ठाण्यासमोर पन्नासेक माणसं जमली. नानाजींनी तिच्या कपाळभर कुंकू लावलं. रुपरावनं झांजा उचलल्या, तिच्याकडे पाहिलं, नजर वळवली आणि वाजवू लागला. ढोल घुमला, वर घंटा सुरू झाली, आणि निंबाचं खोड जागा सोडून निघालं. मनकर्णा कोसळली. फरशी तिच्या गालाखाली होती, तीच काय ती खरी वस्तू. घोकलेलं वाक्य शोधताना तिच्या हाती निम्मंच लागलं.

"न्या..." ती ओरडली. "मेडिकलले न्या... गुरुवारी... मले न्या!"

वाद्यं थांबली. बायकांनी हात जोडले. आजवर देवी कधी बोलली नव्हती. नानाजी गुडघ्यांवर बसले, पण पुढे झुकता झुकता मध्येच थांबले.

"काय म्हनलं, माय?"

"मले मेडिकलले न्या."

"मले?" नानाजींनी मान हलवली. मग लोकांकडे वळून, सूत कुठे तुटलं ते दाखवावं तशा शांतपणे ते म्हणाले, "हे माय नाही बोलली. देवी बोलते तवा ज्याच्या आंगात येते त्याले झाड म्हनते. या झाडाले पानी द्या म्हनते, या झाडाले निजू द्या म्हनते. मले म्हनत नाही. हे सून बोलली." आणि सुनेकडे न पाहताच त्यांनी घंटेची दोरी धरली. "माय पुरी उतरली नसन अजून. वाजवा. जोरात वाजवा."

एका शब्दानं घात केला. ढोल पुन्हा सुरू झाला. रुपरावचे हात क्षणभर घुटमळले, बापाकडे पाहून वर गेले. मनकर्णा किंचाळली, "नको! बंद करा! मी हात जोडतो, बंद करा!" ते कुणाला ऐकू जाणार? आणि गेलं असतं तरी काय? कान झाकावे तर जमिनीवरचा हात सोडावा लागणार. कानातलं घोंगावणं आता एवढं वाढलं होतं की ढोलसुद्धा लांब गेल्यासारखा वाटू लागला, आणि हा लांब जाणारा आवाज म्हणजेच कान जातोय, हे तिला कळलं. ती रडू लागली. आता काहीच उरलं नाही, असं तिला स्वच्छ वाटलं.

तेवढ्यात गर्दी हटवत प्रयागबाई पुढे आल्या. आरतीला त्या नेहमी पार मागे, पोरीला घेऊन उभ्या राहत. त्यांनी चारूला रुपरावच्या हातांत कोंबलं. झांजा खाली पडल्या. प्रयागबाईंनी अंबाड्यातला आकडा उपसला, पांढरे केस पाठीवर सोडले आणि दुखरे गुडघे फरशीवर आपटून खाली बसल्या.

"नाना!"

ढोलवाल्याचा हात हवेतच राहिला. कुणी तरी "अगं बाई" म्हणालं. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर बत्तीस वर्षांत प्रयागबाईंच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघालं नव्हतं. रेशनकार्डाच्या साहेबानं विचारलं तेव्हासुद्धा त्यांनी शेजारणीला पुढे केलं होतं. आणि आता भर चौकात, अरे-तुरेनं.

"नाना, इकडे पाय. मी बोलून राहिली." त्या डोलत होत्या. मनकर्णेच्या डोक्यावर त्यांचा हात पडला. "हे झाड कच्चं आहे. किती हालवशील याले? मोडतं का? परवा या झाडाले दवाखान्यात ने. अन् ते पोट्टी तिच्या मायजवळ दे."

नानाजींच्या हातातून दोरी सुटली. "नेतो, माय. नेतो." मग एकदम आठवल्यासारखं ते म्हणाले, "पन नवरात्र, माय? नऊ दिवस लोक येतीन."

प्रयागबाईंचं डोलणं थांबलं. डोळे मिटलेलेच होते. जमलेले सगळे उत्तराची वाट पाहत होते.

"येईन," त्या म्हणाल्या. "या म्हताऱ्या झाडावर येईन."

नानाजींनी बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं.

गुरुवारी सकाळी ते स्वतःच रिक्षा आणायला गेले. सही झालेला कागद रुपरावच्या खिशात होता, आणि चारूला घेऊन तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. माजघरात नानाजींनी आदल्या दिवसापासूनच पाट मांडून ठेवला होता. त्यावर प्रयागबाई कपाळभर कुंकू लेऊन बसल्या होत्या. त्यांचे गुडघे सुजले होते. बाजूला समई तेवत होती.

मनकर्णा भिंत धरत आली आणि पाया पडायला वाकू लागली, तशी प्रयागबाईंनी तिचा दंड धरला.

"वाकू नको. जोर पडते." त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी आवाज खाली आणला. "मनकर्णा, तू पडे तवा कोन्या आंगावर पडे वं?"

मनकर्णा त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"सांग नं लवकर. रिक्षा येईन."

"उजव्या."

"अन् डोये? ते कसे फिरवे?"

"ते आपोआप फिरत, आत्याबाई."

"माहे नाही फिरत," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काळजी होती. "काल आरशात पाहून पाहिलं."

"मंग मिटून घेजा," मनकर्णा म्हणाली. "केस तोंडावर येऊ द्या."

बाहेर रिक्षा वाजली. प्रयागबाईंनी तिला दाराकडे लोटलं. "जाय आता. पोट्टीले उन्हात धरू नको म्हन त्याले."

भिंत धरून मनकर्णा दारापर्यंत गेली आणि तिनं मागे वळून पाहिलं. प्रयागबाईंनी उजवीकडची समई उचलून डावीकडे ठेवली होती. एक हात जमिनीवर टेकून, सुजलेला गुडघा सांभाळत, त्या हळूच उजव्या अंगावर कलून पाहत होत्या.